बांधावरचं स्वर्गद्वार

बसा हो, बसा — स्वर्गद्वार काही पळून जात नाही. म्हणजे जातं, दरवर्षी थोडं थोडं जातंच, पण तुमचा चहा होईपर्यंत तरी राहील. त्या बाकावर नको, तो डुगडुगतो — इकडं चुलीजवळ या, बोटं बघा कशी निळी पडलीत. हातमोजे नाही आणले? आणलेत, पिशवीत आहेत. छान केलंत. पिशवीला थंडी वाजायला नको. तुम्ही ते काठमांडूचे साहूजी ना, वरचं लॉज विकत घ्यायला निघालेले? — राहू द्या, मला आठवडाभर ठाऊक आहे. खालच्या गावात मीठ आणायला गेले तर दुकानदारीण विचारते, ‘काय गं यांगझुम, लॉज विकताय म्हणे, आता काठमांडूला राहायला जाणार का?’ मी म्हटलं, हो तर, राजवाडा बघून ठेवलाय, पडदे तेवढे शिवायचे राहिलेत. अशी तणतणत घरी आले की मीठच विसरले. सगळ्या खोऱ्याला ठाऊक, याकांना ठाऊक, बायकोला तेवढं सांगायचं राहून गेलं. हो, मीच ती बायको. कुसांग वर राहतो, मी खाली राहते. नाही नाही, काडीमोड वगैरे काही नाही, आमच्यात सगळं झकास आहे — मध्ये फक्त हा एवढा दगडांचा बांध आहे, आणि त्या बांधावर माझा नवरा बसलाय.

काय म्हणालात? अहो, आधी ऐकून घ्या. घर घेणाऱ्या माणसानं चार ठिकाणी चौकशी करावी की नाही? तुम्ही करत नाही, तर मी न विचारता सांगते. ती खिडकी आहे ना, तिच्यातनं बघा. काय दिसतं? काही नाही. बरोबर. गवत दिसतं, वाळत घातलेल्या शेणाच्या गोवऱ्या दिसतात, आणि त्यांच्यामागं तो बांध, आभाळापर्यंत. बांधाच्या पलीकडं बर्फाची नदी, अलीकडं डोंगर, आणि या दोघांच्या मधल्या घळीत आम्ही. वारा लागत नाही, झरा दाराशी, याकांना चारा. सासऱ्यांनी घर-गोठा इथंच बांधला, त्यांच्या आज्यानंही इथंच बांधला होता. बांधावर घर बांधावं हे पिढ्यान्‌पिढ्या एकालाही सुचलं नाही. अडाणी लोक हो. देखावा म्हणून काही असतं हेच त्यांना माहीत नव्हतं — सकाळी उठायचे आणि याक कुठं गेलेत तेवढंच बघायचे.

मी लग्न होऊन इथं आले तेव्हा बर्फ बांधाला लागून होतं. खरं सांगते. बांध चढायचा, आणि पलीकडं पाय टाकला की बर्फावर, उंबरा ओलांडावा तसं. वरनं सगळे गोटे पसरलेले, कळायचंही नाही खाली बर्फ आहे म्हणून, फक्त दुपारी आतनं पाणी गुळगुळायचं. आम्ही याक घेऊन सरळ पलीकडच्या कुरणात जायचो, सासूबाई पुढं, मी मागं, पाठीवर डोको, म्हणजे बांबूची टोपली, आणि दुपारच्या भाकरीला तिकडं. आता? आता बांधावर उभं राहून खाली बघायचं असेल ना, तर आधी पोटावर झोपायचं आणि कुणाला तरी पाय धरायला सांगायचे. बर्फ इतकं खाली बसलंय की खाली मठ ठेवला तर त्याचा कळसही वर यायचा नाही. आणि आतली बाजू — ती अशी उघडी पडलीय, राखाडी, सोललेली, तिच्यात हे घराएवढे धोंडे नुसते चिकटवल्यासारखे. ऊन आलं की एकेक सुटतो. टक — टक — मग धाड. तुमच्या काठमांडूला गाड्यांचे आवाज असतात ना रात्रंदिवस, तसंच, अगदी सोबत असल्यासारखं वाटेल तुम्हाला.

तर आमचे राजेसाहेब. मोहिमांवर जायचे तरुणपणी, गोऱ्यांची ओझी वाहायला. पुढं डाव्या पायाची बोटं गेली — बर्फानं खाल्ली — आणि घरी बसले. घरी म्हणजे इथंच, याच चुलीपाशी. तोवर खोऱ्यात पाहुणे यायला लागले होते, दसैंच्या सणानंतर नुसती रीघ, आणि आमच्याकडं येऊन चहा प्यायचे आणि विचारायचे, ‘इथून हिमशिखरं दिसत नाहीत का?’ दिसत नाहीत म्हटलं की पुढं चालू लागायचे. कुसांगच्या फार मनाला लागायचं. म्हणायचा, ‘माणसं समुद्र ओलांडून बर्फ बघायला येतात आणि आपण त्यांना शेणाच्या गोवऱ्या दाखवतो.’ मी म्हटलं, गोवऱ्या नसत्या तर चहा कशावर केला असता, देखाव्यावर? त्याच वर्षी एक म्हातारा गोरा येऊन राहिला होता, दगड मोजणारा. चेष्टा नाही करत — दगडांवरचे ते नारिंगी शेवाळाचे ठिपके असतात ना, ते पट्टी लावून मोजायचा, दिवसभर, गुडघ्यावर बसून. चांगला माणूस होता, पातेलं स्वतः धुवायचा. त्यानंच सांगितलं की याला हिमोढ म्हणतात, बर्फानं येता येता डोंगर खरवडला आणि तो सगळा गाळगोटा कडेला रचत गेलं, रचत गेलं, त्याचा हा बांध झाला. आणि शेवाळ सांगतंय म्हणाला की बांध तीनशे वर्षांचा आहे. झालं! कुसांग जागेवरनं उठलाच. ‘तीनशे वर्षं! ऐकलंस? तीनशे वर्षं हललेला नाही!’ आणि बांधावर लॉज बांधायचं म्हणून लाकडं बघायला गेला. म्हातारा पुढं बोलतच होता, पण ऐकायला मी एकटी, आणि मला काही कुसांगसारखी त्याची भाषा येत नव्हती. मग त्यानं काय केलं, त्या कोपऱ्यात बटाट्याची पोती एकमेकाला टेकवून ठेवली होती, त्यातलं एक ओढून काढलं. दुसरं धपकन माझ्या पायावर. मग बर्फाकडं बोट केलं, आणि बांधाकडं बोट केलं. मला कळलं. लंगडत जाऊन मी कुसांगला सांगितलं, बर्फ टेकू देऊन बसलंय म्हणून बांध उभा आहे, बर्फ उठलं की बांध बसेल. तर म्हणतो, ‘तो दगडांतला माणूस आहे, बटाट्यांतलं त्याला काय कळतं!’

पाटी वाचलीत का, खालच्या पुलावर लावलीय ती? ‘स्वर्गद्वार’. मठातले लामा म्हणाले होते, नाव जरा दुसरं बघ. कुसांगला वाटलं, लामांना हेवा वाटतोय. पण मी म्हणते, नावात फसवणूक नाही हो, असं चोख नाव खोऱ्यात दुसऱ्या लॉजचं नाही. पहिल्या पावसात पताकांचा खांब कड्यावरनं खाली गेला. लामांना सांगितलं, तर म्हणाले, ‘बरं झालं, पुढं जाऊन वाट बघून ठेवतील.’ मग पुढच्या वर्षी संडास गेला. एक पाहुणा होता, चांगला गलेलठ्ठ, पट्टा आवळत आवळत बाहेर आला, मागं वळून बघतो तर मागं काही नाहीच! बिचारा संध्याकाळपर्यंत माफी मागत होता, त्याला वाटलं आपल्यामुळंच झालं. कुसांगनं काय करावं? ‘राहू दे, राहू दे’ म्हणून त्याला मोठ्या मनानं माफ केलं! मग कोठीची खोली गेली, रॉकेलसकट. मग स्वयंपाकघराची मागची भिंत. आणि दर वेळी हा गडी काय करणार, तर अलीकडच्या बाजूनं एक खोली चढवणार. तिकडनं एक जाते, इकडनं एक येते. लोकांची घरं जागच्या जागी म्हातारी होतात, आमचं चालतं. आलेल्या पाहुण्यांना म्हणायचा, दरवर्षी नवी खोली असते आमच्याकडं! खोटं कुठं होतं त्यात?

थांबा ना, मध्ये बोलू नका, माझा धागा तुटतो — हा घ्या चहा. लोणी जास्त झालंय, पण तुम्हाला लागेल, तुम्ही लोक सगळे वाळकेच. आणि बटाटे उकडलेत, सोला आणि त्या मिरचीत बुडवा. जपून हं, डोळ्यातनं पाणी येईल. माझ्या नाही येत.

तर आमची निमडिकी. एकच लेक. नर्सचं शिकतेय तुमच्याच काठमांडूत. गेल्याच्या गेल्या भाद्रपदात सुट्टीला आली होती, तेव्हा मीही वरच राहायचे. बापानं लेकीला सगळ्यात चांगली खोली दिली — टोकाची, तीन बाजूंनी खिडक्या, पलंगावर पडल्या पडल्या सगळी शिखरं. राणीच झाली होती ती. पाऊस लागून राहिला होता, शिखरं कसली, समोरचा हात दिसत नव्हता, पण खोली ती खोली. दुपारी ती तिथं बसून केस विंचरत होती, आणि मी चुलीवरनं हाक मारली की ये गं, दूध उतू जातंय, माझे हात पिठात आहेत. पहिल्या हाकेला आली नाही. कधी येते? दुसरी मारली. तेव्हा कुरकुरत आली, फणी केसांतच, ‘काय गं आमा, एवढं दूधसुद्धा सांभाळता येत नाही तुला’ म्हणत. तिनं दुधाला फुंकर घातली आणि तेवढ्यात ते झालं. आवाजसुद्धा मोठा नाही झाला हो. धान्य ओतल्यासारखा. आम्हाला वाटलं, पाऊस वाढला. मग बोळात उजेड वाटला म्हणून मी बघायला गेले. बोळाच्या टोकाला खोलीचं दार होतं. उघडलं तर ढग.

कुसांग आला. पाहिलंन. निमडिकीकडं पाहिलंन, तिच्या डोक्यातल्या फणीकडं पाहिलंन. मग काय केलंन, सांगा? दार लोटलंन आणि कडी लावली. कडी! आता कशाला कडी, मला सांगा, ढग आत येऊन भांडी चोरतील म्हणून? मी काही बोलले नाही. मी, जिचं तोंड तुम्ही बघताच आहात. तांब्याची भांडी बांधली, लेकीला घेतलं, आणि भर पावसात खाली या घरी आले. वाट अंधारायच्या आत धरली. निघताना दारातनं विचारलं, येतोस का? तर उभा. नाही म्हणाला असता ना, तर मी भांडले असते, चांगली कडाकडा भांडले असते, बरं वाटलं असतं दोघांनाही. पण काही बोललाच नाही. अंगावरची घोंगडी काढून निमडिकीच्या डोक्यावर टाकली आणि आत गेला.

तेव्हापासून हे असं. आता तुम्ही विचाराल, मग धंदा चालतो कसा? चालतो की, उत्तम चालतो, तो तर म्हणेल खोऱ्यात पहिला नंबर. तिथं झोपत कुणी नाही, एवढंच. झोपू देतच नाही तो. ठरवलं वगैरे काही नाही आम्ही — बोललो तर ठरवू ना! पण मी दुपारचे पाहुणे वर पाठवते, जा म्हणते, वरून फार छान दिसतं, चहा तिथंच घ्या. आणि ऊन कलायच्या आत तो त्यांना परत माझ्याकडं हाकलतो. एक जोडपं एकदा हट्टालाच पेटलं, वरच झोपणार म्हणून, पहाट बघायचीय म्हणून. तर यानं काय सांगावं? ढेकूण आहेत म्हणाला! इतक्या उंचीवर ढेकूण! स्वतःच्या लॉजची अशी अब्रू काढणारा मालक बघितलाय कधी? आणि मी इथनं त्याला बटाट्याचं कालवण पाठवते, पाहुण्यांच्याच हाती, बरणीतनं. बरणी घासून परत येते. घासून! इतकी वर्षं संसार केला, एक वाटी विसळली नाही माणसानं, आणि आता माझी बरणी लख्ख. मग कधी कधी वाटतं, असंच राहावं वेगळं, भांडी तरी स्वच्छ राहतात.

मग तो स्वतः का झोपतो तिथं, असं विचारताय ना? नाही विचारत? तोंडावर तर दिसतंय. लोकांना सांगतो, देखाव्यासाठी. चक्क खोटं. पाहुणे सगळे मान वर करून शिखरं बघत असतात आणि हा मान खाली घालून दुर्बीण लावतो. खाली काय आहे? गोटे. राखाडी गोटे, राखाडी पाणी, मधे मधे काळं बर्फ. — त्याचा मोठा भाऊ आहे तिथं. छोतार. दोघं एकाच दोराला असायचे मोहिमेवर. वर, जिथं बर्फ फाटून पायऱ्या पायऱ्या झालंय ना, तिथं छोतार आत गेला. दोर तुटला, वर आला तो नुसता शेंडा. बाकीचे म्हणाले चल, आता काही उपयोग नाही. हा उठेचना. त्या फटीपाशी बसला आणि हाका मारत राहिला, शेवटी त्याला बांधून खाली आणला, तेव्हा बोटं गेली ती. लोक म्हणतात, बर्फानं खाल्ली. मी पण तेच सांगते, मघाशी तुम्हालाही तेच सांगितलं. पुढं तो दगड मोजणारा आला तेव्हा कुसांगनं त्याला एकच गोष्ट विचारली होती, वर जे बर्फात जातं ते खाली कधी येतं? म्हातारा म्हणाला, येतं, पण वेळ लागतो, कदाचित तुझ्या म्हातारपणी, कदाचित इथंच समोर, कदाचित आणखी खाली, नक्की कोण सांगणार. चांगला माणूस होता म्हटलं ना. पण काय गरज होती त्याला उत्तर द्यायची? तीनशे वर्षं नि देखावा नि पाहुणे ही सगळी नंतर जोडलेली कारणं हो. घर बांधलं ते समोर दिसावं म्हणून. गेल्या वर्षी खाली एक बूट दिसला. दोर लावून उतरला, या वयात, तसल्या पायानं, वरनं दगड सुटतायत. वर आणला तर छोतारचा नव्हताच, कुणातरी जुन्या गोऱ्याचा, खिळे मारलेला. तरी त्यानं तो धुतला, वाळवला, लोणी चोपडलं आणि फळीवर ठेवला. कुणाच्या तरी घरचा आहे म्हणाला.

हे मी कुणाला सांगत नाही. निमडिकीलासुद्धा नाही. तुम्हाला कशाला सांगत बसले कोण जाणे, तुम्ही गप्प बसता म्हणून असेल. गप्प माणसं फार वाईट, सगळं काढून घेतात. धूर झालाय, जरा ते धुराड्याचं झाकण सरकवा.

तर सांगायचा मुद्दा असा की घ्या तुम्ही ते लॉज. मी आडवी येणार नाही. माझी चहाडी करायची सवय आहे, तिकडं लक्ष देऊ नका, बिनधास्त घ्या. देखावा एक नंबर आहे. तुम्ही घेतलंत की त्याला तिथं बसता येणार नाही, मग दुसरं कुठं जाणार, तंगडी ओढत येईल इथं, त्या कोपऱ्यात बसेल, माझ्या चहात लोणी कमी आहे म्हणेल. म्हणू दे. दोन वर्षांत कुणी म्हटलं नाही. रात्री वारा सुटला की मी कान लावून पडते हो, धान्य ओतल्यासारखं काही येतंय का म्हणून. तुम्ही आलात म्हणजे ते संपेल, मला झोप लागेल, आणि — आणि मग तिथं दुसरं कुणीतरी झोपेल. तुमचं कुणीतरी. तुम्ही काही ढेकणांचं सांगणार नाही, तुम्ही पैसे घातलेले असतील, तुम्ही टोकाची खोली सगळ्यात महाग लावाल. आणि कुणाच्या तरी लेकीला दुधासाठी हाक मारायला तिथं कुणी नसेल. — नका घेऊ. ऐकलंत का? मी सांगते, नका घेऊ, एक भिंत सरळ नाही त्याची, चिरा पडल्यात दारापर्यंत, चटया टाकून झाकल्यात त्यानं. झालं. बघा, नवऱ्याला खाली आणायची एवढी एकच वाट होती, ती मीच माझ्या तोंडानं बुजवली. शाबास यांगझुम. दुकानदारीण म्हणते तेच खरं, हिचं तोंड शिवलं पाहिजे एकदा.

पाय का आखडून घेताय? भाजले का? चुलीजवळ बसलात तर — हे काय लागलंय बुटाला? ही राखाडी पूड. ही तर कड्याची. आमच्या खालच्या वाटेला सगळी काळी माती आहे, ही तिथली नाही. तुम्ही — तुम्ही वरनं आलात? खिंडीच्या वाटेनं? म्हणजे सकाळपासून तुम्ही वरच होतात, सगळं बघून आलात, आणि मी इथं तासभर तुम्हाला तेच लॉज दाखवतेय? आणि तुम्ही सांगत का नाही? सांगत होतात. कधी? — मी बोलू दिलं नाही. बरं. असेल. आता बोला. बोला की, आता का वाचा बसली!

विकणार नाही म्हणाला? मग बोलावलं कशाला तुम्हाला एवढ्या लांब — बोलावलंच नव्हतं. तुम्हीच निरोप धाडला होता. म्हणजे त्यानं काही काढलंच नव्हतं विकायला. आणि मी आठवडाभर त्याला — असो, त्याला काय ऐकू गेलंय. मग? खोल्या दाखवल्या? चटया उचलून दाखवल्या? स्वतः? आणि ते बोळातलं दार? कडी काढली त्यानं? तुमच्यासमोर? — हळू सांगा, मला सगळं सांगा. तुम्ही म्हणालात, इथं काचेची भिंत करता येईल. वा. मग त्यानं काय विचारलं? रात्री इथं कोण राहणार, असं. मग तुम्ही काय सांगितलंत?

धाकटा भाऊ.

तुमचा धाकटा भाऊ चालवणार, आणि तोच तिथं झोपणार. असं सांगितलंत त्याला. हं. — तुमच्याकडं बघत राहिला असेल. मग? बाहेर गेला, शिडी लावली, आणि — काय काढतोय? पत्रे? छपराचे पत्रे काढतोय? कुसांग? नीट बघितलंत का तुम्ही, दुरुस्त करत असेल, त्याला सवय आहे. खिळे उपटत होता. दाराची चौकटही काढून टेकवून ठेवलीय भिंतीला. आणि तुम्हाला वरनं हाक मारून निरोप दिला. माझ्यासाठी. सांगा बघू, जसा दिला तस्सा सांगा, तुमचं काही घालू नका त्यात. ‘खाली यांगझुम असेल, तिला म्हणावं ओझ्याचे दोन जोपक्यो पाठव, पत्रे आणायचेत. आणि लांबडा दोर.’ बस? आणखी काही? ‘आणि म्हणावं, गोठ्याच्या बाजूला जागा साफ करून ठेव.’

आणि हा निरोप घेऊन तुम्ही माझे बटाटे खात बसलात! अहो, पायाला बोटं नाहीत त्या माणसाच्या, पत्रा ओला आहे, ऊन डोक्यावर आलंय, धोंडे सुटायची वेळ, आणि एकटा छपरावर! काय अक्कल म्हणायची ही, निरोप आधी द्यायचा की मिरची आधी खायची? उठा. तो चहा राहू द्या. खुंटीवरचा दोर काढा, तो नव्हे, तो कपड्यांचा, त्याच्या मागचा. आणि जोपक्योच्या शिंगांपासून लांब उभे राहा, त्यांना काठमांडूची माणसं आवडत नाहीत. नाही, तुम्ही वर यायचं नाही, ही वाट खाली गावाला जाते, दिवस आहे तोवर लागा. भावाला काही सांगू नका, नुसतं सांगा जमलं नाही. हसताय काय? हातमोजे घाला. चला, बाहेर व्हा, मला दार लावायचंय.